शहर कोसळलं, तट उभा राहिला: डुब्रॉव्हनिकमध्ये 1667 च्या आधीचं आणि नंतरचं कसं ओळखावं

प्रश्न असा आहे: क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात जवळपास जमीनदोस्त झालं, मग त्याची तटबंदी कशी टिकली? आणि दोन-तीन दिवसांसाठी तिथे जाणाऱ्याने जुनं कुठलं, नंतरचं कुठलं हे कसं ओळखायचं?

तटबंदी भूकंपासाठी बांधलेली नव्हती. ती तोफेच्या भीतीने जाड, उतरती आणि थेट खडकावर उभी केली होती, आणि हेच गुण धक्क्याच्या वेळी कामी आले. घरं पडली कारण त्यांच्या भिंती उंच, पातळ आणि एकमेकींना न बांधलेल्या होत्या. बाकी सगळं उत्तर या दोन वाक्यांचा तपशील आहे, आणि हा तपशील माहीत असला की ते शहर पाहण्याची नजरच बदलते.

आधी मापं. तटाचा घेर सुमारे 1940 मीटर, उंची जास्तीत जास्त 25 मीटर. डोंगराकडच्या बाजूला जाडी 4 ते 6 मीटर, समुद्राकडे दीड ते 3 मीटर. हा फरक हिशेबाने केलेला आहे. समुद्राच्या बाजूला खाली उभा कडा आहे, आणि हलणाऱ्या जहाजावरून नेमका मारा करणं अवघड असतं. खरी धास्ती डोंगराकडून होती. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे तट तुर्कांच्या तोफांपुढे पडले आणि रागुझाच्या (तेव्हाचं डुब्रॉव्हनिक) सिनेटने तिजोरी उघडली. फ्लोरेन्सचा मिकेलोत्सो 1461 मध्ये आला. वायव्य कोपऱ्यात 1319 चा चौकोनी मिंचेता बुरूज होता, त्याभोवती त्याने सहा मीटर जाडीचा गोल बुरूज घ्यायला सुरुवात केली. तो 1464 मध्ये युराय दाल्मातिनात्सने पुरा केला. पश्चिमेच्या पिले दरवाजाच्या रक्षणासाठीचा बोकार बुरूजही मिकेलोत्सोच्याच आराखड्याचा, मात्र त्याचं काम 1570 पर्यंत रेंगाळलं.

आपल्याकडचे किल्ले पायाखाली घातलेल्या माणसाला ही रचना समजायला वेळ लागत नाही. मुख्य तटाच्या बाहेर, जमिनीच्या बाजूला एक बुटका पडकोट (बाहेरचा दुय्यम तट) आहे, त्याला अर्धगोल बुरूज आहेत, आणि त्याबाहेर खंदक. तटावर फांजी (चालायची वाट) आणि तिच्या कडेला चर्या (दगडी कंगोरे). फरक एवढाच की आपला डोंगरी किल्ला उंचीवर विसंबून असतो, तर इथे सर्ज डोंगर शहराच्या डोक्यावर आहे आणि किल्ला त्याच्या पायथ्याशी. उंची शत्रूच्या हातात जाणार हे गृहीत धरूनच इथला तट बांधला आहे. म्हणून इतकी जाडी.

आता जाडीचा आणि भूकंपाचा संबंध. सुटी उभी भिंत आडव्या धक्क्याने कधी डोलायला लागते याचं सोपं गणित आहे: जाडी भागिले उंची. जे उत्तर येईल, गुरुत्वबलाच्या तेवढ्या पटीत आडवा जोर लागला की भिंत एका कडेवर उचलली जायला सुरुवात होते. 60 सेंटिमीटर जाडीची, 10 मीटर उंचीची घराची बाहेरची भिंत घ्या. मजल्यांनी ती धरून ठेवली नसेल, तर सहा टक्के जोर पुरतो. 5 मीटर जाड आणि 20 मीटर उंच तटाला 25 टक्के लागतात. शिवाय तट खाली रुंद आणि वर निमुळता असेल तर त्याहून जास्त. दुसरी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रमाण तेच असलं तरी मोठा ठोकळा लहान ठोकळ्यापेक्षा उलटायला फार अवघड असतो. तो डोलू लागेपर्यंत आणि तोल जाण्याच्या बिंदूपर्यंत पोचेपर्यंत धक्क्याची दिशा फिरलेली असते. तटावर छप्पर नसतं, मजले नसतात, बाहेर ढकलणाऱ्या तुळया नसतात, हाही फायदाच.

पण जाडीवर आंधळा विश्वास नको. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी परिसरात जी माणसं गेली, ती बहुतेक जाडजूड दगडी भिंतींखालीच गेली. त्या भिंतींना बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे चिखलात टाकलेली भर होती. दोन्ही थर जोडणारे आरपार दगड नव्हते, आणि वर माळवदाची माती. धक्का बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले. तसं झालं की तीन फुटांच्या भिंतीची जाडी गणितात तीन फूट राहत नाही, एका थराची म्हणजे एक फूट होते. डुब्रॉव्हनिकच्या तटातही दोन दर्शनी थर आणि मधे भर अशीच बांधणी आहे, परंतु भर चुन्यात बसवलेली आहे आणि ती शतकानुशतकं आतल्या आत घट्ट होत गेली. 1667 पूर्वीच्या शहरातल्या साध्या घरांना हे भाग्य लाभलं नव्हतं. तुळया भिंतीच्या खाचेत नुसत्या टेकवलेल्या, टोकाला लोखंडी पकड नाही. भिंत बाहेर झुकली की तुळई खाचेतून निसटते, मजला खाली येतो, आणि खालच्या भिंतीला बाहेर ढकलतो.

जमिनीचाही वाटा आहे. तट चुनखडीच्या खडकावर आहे. शहराचा मधला पट्टा, जिथे आज स्त्रादून हा सुमारे 300 मीटर लांबीचा मुख्य रस्ता आहे, तो मुळात दलदलीचा, पाण्याचा भाग होता आणि नंतर भर घालून बुजवलेला. भरावावर हादरा वाढतो. दक्षिणेकडचा खडकाळ भाग आणि हा पट्टा एकाच शहरात असूनही एकाच धक्क्याला दोन वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात.

त्या दिवशी बुधवार होता, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला. धक्का सकाळी बसला. प्रजासत्ताकाचा रेक्टर, म्हणजे राज्यप्रमुख, गेटाल्दिच मारला गेला. मृतांचे आकडे निरनिराळे सांगितले जातात, पण काही हजार माणसं गेली यावर एकमत आहे. सर्जवरून दरडी आल्या, बंदरातलं पाणी मागे हटलं. सकाळची वेळ म्हणजे घरोघरी चुली पेटलेल्या, आणि खालच्या मजल्यांवर पडलेल्या लाकडाचा ढीग. वाऱ्याने आग पसरली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. ग्रंथ, चित्रं, लाकडी वेद्या भूकंपात जेवढ्या गेल्या नाहीत तेवढ्या या आगीत गेल्या. भूकंपात काय वाचलं हे विचारताना ‘आगीपासून काय वाचलं’ हेही विचारायला हवं, नाहीतर यादी जुळत नाही. सरदार घराण्यांतली इतकी माणसं गेली की नंतर नागरिक घराण्यांना सरदारवर्गात घ्यावं लागलं.

राज्य चाललं ते रेवेलिनमधून. पूर्वेच्या प्लोचे दरवाजाबाहेरचा हा किल्ला शहरातलं सगळ्यात भक्कम बांधकाम. आराखडा अँतोनियो फेर्रामोलिनोचा, 1538 चा. सिनेटने त्यासाठी शहरातली इतर बांधकामं थांबवून सगळे गवंडी याच कामावर आणले, आणि 11 वर्षांनी, 1549 मध्ये, तो उभा राहिला. तीन प्रचंड कमानदार दालनं, वर सपाट गच्ची. भूकंपात त्याला धक्का लागला नाही. कॅथेड्रलचा खजिना इथे हलवला, सभा इथे भरल्या. पश्चिमेकडे 37 मीटर उंच खडकावरचा लोव्रियेनात्स किल्ला मात्र दुखावला. तो पाहताना भिंतींची जाडी जरूर पाहा: बाहेरच्या बाजूला 12 मीटरपर्यंत, शहराच्या बाजूला अवघी 60 सेंटिमीटर. किल्लेदार फितूर झाला तर शहरातल्या तोफांनी ती बाजू सहज फोडता यावी म्हणून. किल्लेदार दर महिन्याला बदलत, आणि खुद्द रेक्टरचीही मुदत एकच महिन्याची असे. सत्तेबद्दलची ही सावधगिरी दगडात इतकी स्पष्ट लिहिलेली दुसरीकडे क्वचित दिसते.

आता ओळखण्याचं. पिले दरवाजातून आत शिरलात की डाव्या हाताला एक छोटं चर्च आहे, स्वेती स्पास. लोक उजवीकडचं ओनोफ्रिओचं मोठं कारंजं पाहतात आणि पुढे जातात. थांबा. हे चर्च 1520 च्या भूकंपानंतर नवस म्हणून बांधलं, 1520 ते 1528 मध्ये, कोर्चुला बेटावरच्या पेतार आंद्रियिचने. आणि 1667 मध्ये ते पडलं नाही. एकच दालन, बेताची उंची, घडीव दगडाची नीट सांधलेली चिरेबंदी, वर फासळ्यांची दगडी कमान. भूकंपात काय टिकतं याचं सगळं उत्तर त्या एका दालनात आहे. बाहेरून पुनर्जागरण काळाची त्रिदल आकाराची दर्शनी भिंत आणि आत गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या) फासळ्या, असा संगम याच शहरात इतका सहज होतो.

त्याला लागून फ्रान्सिस्कन मठ. त्याच्या दक्षिण बाजूच्या दारावर 1498 चं येशूला मांडीवर घेतलेल्या मरियमेचं शिल्प आहे, पेत्रोविच बंधूंचं. चर्च आतून जळालं, दार उरलं. आतला चौदाव्या शतकातला चौक मिहोये ब्राय्कोवचा. जोडखांबांच्या माथ्यावरचे चेहरे, प्राणी सावकाश पाहा.

शेजारचं कारंजं 1438 चं. ओनोफ्रिओ देला काव्हाने शुमेतच्या झऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरचा पाट काढून पाणी शहरात आणलं. कारंजं सोळा बाजूंचं, प्रत्येक बाजूला एक मुखवटा, त्यातून पाणी पडतं. आज ते काहीसं बोडकं दिसतं, कारण वरची शिल्पसजावट 1667 मध्ये गेली.

स्त्रादूनच्या दुसऱ्या टोकाला स्पोंझा राजवाडा. हा भूकंपापूर्वीचा, 1516 ते 1522 मधला, पास्कोये मिलिचेविचच्या आराखड्याचा, आणि दगडकाम पुन्हा आंद्रियिच घराण्याचं. जकातखाना, टाकसाळ आणि कोठार अशी कामं इथे चालत. आज राज्य अभिलेखागार आहे, म्हणजे प्रजासत्ताकाची कागदपत्रं इथेच. चौकातल्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय की आमची वजनं कोणाला फसवू देत नाहीत. मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. समोरच्या चौकात 1418 चा ओर्लांदो स्तंभ. त्या योद्ध्याच्या कोपरापासूनचा हात हे कापड मोजायचं अधिकृत माप होतं, सुमारे 51 सेंटिमीटर.

स्पोंझा डोळ्यांसमोर ठेवा आणि मागे वळून स्त्रादूनकडे बघा. फरक चटकन कळेल. स्पोंझाच्या वरच्या मजल्यावर नाजूक गॉथिक खिडक्या. स्त्रादूनवर एकाच उंचीची, एकाच साच्याची, साधी घरं. रोममध्ये व्हॅटिकन ग्रंथालयात असलेला डुब्रॉव्हनिकचा विद्वान स्त्येपान ग्रादिच याने मदत मिळवली, पोपच्या सेवेतला अभियंता जुलिओ चेर्रुती आला. नव्या घरांची रचना ठरवून दिली गेली: तळाला दुकान, वर दोन मजले, आणि स्वयंपाकघर सगळ्यात वर, माळ्यावर. आग लागली तर ती वर निघून जावी, खालचं घर वाचावं म्हणून. दुकानाच्या दाराला तिथे ‘गुडघ्यावरचं दार’ म्हणतात. एकाच कमानीखाली अर्धं दार आणि अर्धी खिडकी, खिडकीच्या तळाशी दगडी फळी, त्यावरून विक्री. ही कमान दिसली की घर 1667 नंतरचं. टोकदार कमानीची खिडकी, मधे बारीक खांब, जाळीदार कोरीव काम दिसलं की आधीचं, किंवा ढिगाऱ्यातून उचलून पुन्हा बसवलेलं. ही दुसरी शक्यता विसरू नका. वाचलेले घडीव दगड कोणीही टाकून देत नसे.

स्त्रादूनला स्पोंझासारखी श्रीमंती नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. ते मला पटत नाही. भरडलेल्या, कर्जबाजारी, वरून तुर्कांच्या मागण्यांनी पिचलेल्या छोट्या राज्याने सगळ्यांसाठी एकच शिस्त लावली आणि ती पाळली. या रस्त्याचं सौंदर्य त्या शिस्तीत आहे.

मोठी धार्मिक बांधकामं मात्र भूकंपानंतर बारोक शैलीत आली. जुनं कॅथेड्रल पडलं. नवं अँद्रेआ बुफालिनीच्या आराखड्यावर 1671 ला सुरू होऊन 1713 ला पुरं झालं. आत तिशियन आणि त्याच्या कार्यशाळेचं मरियमेच्या स्वर्गारोहणाचं अनेकपटली चित्र आहे. शहराचा रक्षक संत व्लाहो याचं जुनं चर्च भूकंपातून वाचलं होतं, पण 1706 मध्ये जळालं. आजचं चर्च 1715 चं, मारिनो ग्रोपेल्लीचं. (याच संताच्या नावाचं, सांव ब्राझचं, चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे. त्याचं नातं रागुझाच्या व्यापाऱ्यांशी जोडलं जातं, त्यावर अभ्यासकांत वाद आहे.)

कलेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची वस्तू याच चर्चच्या मुख्य वेदीवर आहे: पंधराव्या शतकातली, सोन्याचा मुलामा दिलेली संत व्लाहोची चांदीची मूर्ती. ती 1706 च्या आगीतूनही वाचली. संताच्या हातात शहराची प्रतिकृती आहे, म्हणजे 1667 पूर्वीचं डुब्रॉव्हनिक. तिथून प्लोचे दरवाजाजवळच्या डोमिनिकन मठात जा. निकोला बोझिदारेविचच्या साधारण 1500 च्या तीनपटली चित्रात हाच संत हातात शहर धरून उभा आहे. दोन्ही पाहिल्यावर पडलेल्या कॅथेड्रलचा घुमट कसा होता हे कळतं. बोझिदारेविचची मोजकीच कामं उरली. त्यांतलं 1513 चं मरियमेला संदेश मिळतानाचं चित्र लोपुद बेटावरच्या एका कप्तानाने त्याच्याकडून करवून घेतलं, आणि त्याच्या तळपट्टीत त्या काळचं गलबत रंगवलेलं आहे. शहर समुद्रावर जगत होतं, हे तिथे एका हाताएवढ्या जागेत दिसतं. मठातला पाओलो व्हेनेत्सियानोचा चौदाव्या शतकातला मोठा क्रूसही चुकवू नका.

भूकंप थांबलेले नाहीत. 15 एप्रिल 1979 ला माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावर मोठा धक्का बसला, डुब्रॉव्हनिकला तडे गेले, आणि त्याच वर्षी पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आलं तेही 1979 मध्येच. कॅथेड्रलची दुरुस्ती करताना जमिनीखाली आणखी जुन्या चर्चांचे पाये सापडले आणि शहराच्या आरंभाचा इतिहास मागे सरकला.

दुरुस्ती कशी होते ते पाहणाऱ्यालाही उपयोगी आहे. आधी गिलावा काढून प्रत्येक तडा नकाशावर घेतात. मग सांधे खरवडून धुतात, भिंतीत तिरपी भोकं घेऊन पातळ गारा (चुन्याचं किंवा सिमेंटचं पाणीदार मिश्रण) भरतात. तळापासून वर, कमी दाबाने, आणि आधी भिंत भिजवून. वरून सुरुवात केली तर हवा अडकते आणि पोकळी राहते. दाब वाढवला तर सुटलेला थर फुगून बाहेर येतो. कोरड्या भिंतीत गारा शोषली जाते आणि अर्ध्यात थांबते. त्यानंतर समोरासमोरच्या भिंती लोखंडी किंवा पोलादी दांड्यांनी बांधतात, आणि मजला भिंतीला जखडतात. स्त्रादूनवर घरं एकमेकांच्या भिंती वाटून घेतात, म्हणून एकच घर बळकट करून भागत नाही, ओळीचा विचार ओळ म्हणूनच करावा लागतो. 1979 नंतरच्या काळात सिमेंटची गारा आणि काँक्रीटचे आडवे पट्टे सर्रास वापरले गेले. समुद्राकाठच्या चुनखडीला सिमेंट मानवत नाही: ओल आणि क्षार आत कोंडतात, दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याची गारा वेळ घेते, पण जुन्या भिंतीच्या स्वभावाशी तिचं जमतं.

1991-92 च्या वेढ्यात युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफगोळ्यांनी जुन्या शहरातल्या 824 पैकी 563 इमारतींना इजा केली, आणि आगीने नऊ पुरत्या गेल्या. वेढ्याचा सगळ्यात वाईट दिवस 6 डिसेंबर 1991. त्याची खूण तटावरून आजही दिसते: भडक केशरी कौलं नवी, फिकट, डाग पडलेली, पिवळसर कौलं जुनी.

तटावर एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरतात. थांबत थांबत दोन तास धरा. उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच चढा, दुपारी दगड तापतो आणि सावली जवळपास नाही. प्लोचेकडून चढलात तर मिंचेताची चढण आधी होऊन जाते आणि उरलेली वाट उताराची. मिंचेताच्या माथ्यावरून आधी कौलांचे रंग पाहा, मग खाली पिले दरवाजावरच्या तटावर येऊन ओनोफ्रिओचं कारंजं, स्पास, सरळ रेषेतला स्त्रादून आणि त्याच्या टोकाचा घंटामनोरा अशी नजर न्या. मनोरा 31 मीटरचा, मूळचा 1444 चा. भूकंपांनी तो इतका कलला की शेवटी उतरवून 1929 मध्ये पुन्हा उभारावा लागला. घंटा मात्र 1506 मध्ये इवान राब्ल्यानिनने ओतलेलीच आहे. तिचे तासाचे टोल पडेपर्यंत तिथेच थांबा.